वर्गणी नाही, बक्षीस नाही, फक्त वेळेवर या

मॅरेथॉन वर्षातून एकदा येते. आधी चौकात फलक लागतात, मग छातीवर नंबर चढतो, गळ्यात पदक पडतं, फोटो ग्रुपवर जातात आणि पुढच्या सोमवारपासून बूट पुन्हा पलंगाखाली. शरीराला अशा वार्षिक उत्सवाचा फारसा उपयोग नसतो. त्याला दुधासारखा रतीब लागतो: वार ठरलेला, वेळ ठरलेली, जागा ठरलेली.

दर आठवड्याला पाच किलोमीटर, शुल्क नाही, पळा किंवा चाला. एवढ्या अटींवर जगभर असंख्य माणसं सकाळी एकत्र येतात. भिलाई टाउनशिपच्या सेक्टर ६ च्या रहिवाशांनी अशा उपक्रमात भाग कसा घ्यावा आणि चार घरं मिळून तो आपल्या गल्लीत कसा सुरू करावा, हे इथे सांगायचं आहे. कारखान्याच्या पाळ्यांवर चालणाऱ्या गावात एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. अशी धाव टिकते ती वेगवान पळणाऱ्यांच्या जिवावर टिकत नाही. जे त्या दिवशी पळत नाहीत आणि घड्याळ धरून उभे राहतात, त्यांच्यावर ती टिकते.

तेरा जण आणि हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर

२ ऑक्टोबर २००४, शनिवार. लंडनच्या नैऋत्येला टेडिंग्टनजवळच्या बुशी पार्कात तेरा जण पाच किलोमीटर धावले. त्यांना बोलावणारे पॉल सिंटन-ह्यूइट स्वतः धावले नाहीत. दुखापतीमुळे त्यांचं पळणं बंद होतं, पण पळणाऱ्या मित्रांची संगत सोडायची नव्हती, म्हणून ते वेळ नोंदवायला उभे राहिले. शेवटच्या रेषेवर येणाऱ्याला क्रमांक ठोकलेला वॉशर मिळायचा, हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला. निकाल कागदावर लिहिला जायचा.

त्याच धावेचं पुढे ‘पार्करन’ झालं. आज वीसहून अधिक देशांत, दोन हजारांहून अधिक ठिकाणी ती भरते. नियम फारसे बदलले नाहीत: पाच किलोमीटर, शनिवार सकाळ, पैसे नाहीत, कामं स्वयंसेवकांची. चार ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी रविवारी दोन किलोमीटरची वेगळी धाव असते. पहिला कोण आला याला तिथे फार महत्त्व देत नाहीत. २०२४ साली पार्करनने वेगाच्या विक्रमांच्या याद्या संकेतस्थळावरून काढून टाकल्या, त्यावर टीकाही झाली.

आपल्याकडेही ही रीत अगदी परकी नाही. ‘मुंबई रोड रनर्स’ची मंडळी महिन्याच्या पहिल्या रविवारी वांद्र्याहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीएपर्यंत धावतात, तेही शुल्काशिवाय. पण ते अंतर अर्धमॅरेथॉनचं, म्हणजे २१ किलोमीटर. नवख्याच्या आवाक्यात पाचच बसतात. ते पळून अर्ध्या तासात होतात आणि चालून तासाभरात, त्यामुळे आजोबा आणि नात एकाच रेषेवरून सुटू शकतात.

मुलांकडे परदेशी गेलात तर

टाउनशिपमधली बरीच निवृत्त मंडळी वर्षातले काही महिने मुलांकडे मेलबर्नला, सिंगापूरला, इंग्लंडला असतात. तिथे सकाळी करायचं काय, हा प्रश्न असतोच. शनिवारची धाव हे त्याचं चांगलं उत्तर आहे. चालणाऱ्यांचंही तिथे मनापासून स्वागत होतं.

नोंदणी ऑनलाइन, एकदाच आणि मोफत. त्यातून तुमच्या नावाचा बारकोड मिळतो आणि तो कोणत्याही देशात चालतो. तो कागदावर छापून खिशात ठेवा, फोनची बॅटरी ऐन वेळी दगा देते. बारकोड नसेल तर धावू देतात, पण निकालात तुमच्या नावापुढे वेळ लागत नाही.

सुटण्याची वेळ देशागणिक वेगळी आहे. इंग्लंडमध्ये ९, स्कॉटलंडमध्ये ९:३०, सिंगापुरात ७:३०. ऑस्ट्रेलियात बहुतेक ठिकाणी ८, पण उष्ण क्वीन्सलंडमध्ये ७. दहा मिनिटं आधी पोहोचा, कारण नव्यांसाठी मार्गाची वेगळी माहिती सांगतात. सर्वांत मागे एक स्वयंसेवक मुद्दाम चालत असतो, त्यामुळे ‘आपण शेवटचे येऊ’ ही भीती निकालात निघते. शेवटचा तोच येतो. रेषेपलीकडे हातात क्रमांकाचं टोकन मिळेल. ते आणि तुमचा बारकोड दोन्ही तपासून घेतात आणि टोकन परत घेतात. आठवण म्हणून ते घरी आणू नका, पुढच्या शनिवारी एक क्रमांक कमी पडतो.

दोन-तीन आठवडे झाले की एखाद्या शनिवारी स्वयंसेवक म्हणून नाव द्या. ही सगळी यंत्रणा आतून पाहायला मिळते, आणि भिलाईला परतल्यावर तीच कामाला येते.

सेक्टर ६: वार आणि वेळ

इथे शनिवारपेक्षा रविवार बरा. शाळांना सुट्टी, जनरल शिफ्टवाल्यांना सुट्टी. पाळीवाल्यांचं गणित मात्र वेगळं आहे. सकाळी सहाच्या पाळीचा माणूस त्या आठवड्यात येऊच शकत नाही. दुपारी दोनच्या पाळीचा आरामात येतो. रात्रपाळी करून सहाला सुटलेला आला, तर त्याने पळू नये. जागरणानंतर थकलेल्या शरीराला दामटण्यात शहाणपण नाही. घड्याळ धरायला किंवा वळणावर उभं राहायला मात्र तो चालेल.

वेळ ठरवताना पुण्या-मुंबईच्या ग्रुपवरचं वेळापत्रक उचलू नका. भिलाई मुंबईच्या सुमारे साडेआठ अंश पूर्वेला आहे, म्हणून इथे सूर्य अर्ध्या तासाहून जास्त आधी उगवतो. जूनमध्ये ५:२० च्या सुमारास उजाडतं, जानेवारीत ६:४० च्या आसपास. तेव्हा एप्रिल ते जून ५:४५, नोव्हेंबर ते फेब्रुवारी ७ आणि उरलेल्या महिन्यांत ६:३० ही वेळ सोयीची. वर्षातून चारदाच वेळ बदला आणि बदल दोन आठवडे आधी सांगा. ‘या रविवारी जरा उशिरा भेटू’ असं एकदा झालं की लोक वेळेवर यायचं सोडतात.

हिवाळ्यात सात ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. थंडीत पहाटे जमिनीलगतची गार हवा हलत नाही आणि धूर तिच्यात अडकून राहतो. ऊन पडल्यावर हवा वर उठते, तेव्हाच पळावं.

मार्ग आखणं आणि मोजणं

टाउनशिपचे सेक्टर आखीव आहेत आणि रस्त्यांना झाडांची सावली आहे, हे आपलं भाग्य. तरी सेंट्रल ॲव्हेन्यूसारखा वाहता रस्ता ओलांडावा लागेल असा मार्ग टाळा. सेक्टरच्या आत, एका ब्लॉकभोवती फिरणारा १,२५० मीटरचा वळसा शोधा. चार फेऱ्यांत पाच किलोमीटर होतात आणि दमलेल्याला मध्येच थांबता येतं.

वळसा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घ्या आणि रस्त्याच्या उजव्या कडेने पळा. ब्लॉक सतत तुमच्या उजव्या हाताला राहतो, त्यामुळे मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही आणि जवळच्या बाजूची वाहनं समोरून येत असल्याने दिसतात. फक्त आतल्या गल्ल्यांची तोंडं सांभाळावी लागतात. तिथे एकेक माणूस उभा करा.

मोबाइलवर अंतर मोजायला हरकत नाही, पण झाडांखाली त्याचा हिशेब थोडा इकडेतिकडे होतो. त्याहून भरवशाची आपली जुनी सायकल. जगातल्या अधिकृत शर्यतींचे मार्ग आजही सायकलनेच मोजतात, पुढच्या चाकाला फेरे मोजणारं छोटं यंत्र बसवून. आपल्याला यंत्राची गरज नाही. सरळ रस्त्यावर स्टीलच्या टेपने १०० मीटर मोजून दोन खुणा करा. टायरवर खडूने पांढरी रेघ मारा, सायकलवर बसा आणि दोन खुणांमध्ये रेघ किती वेळा जमिनीला टेकते ते मोजा. २८ इंची चाक एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातं, म्हणजे शंभर मीटरला ४५ च्या आसपास फेरे. तुमच्या सायकलचा आकडा थोडा वेगळा येईल, तोच धरा. मग मार्गावर निघा. तेवढे फेरे झाले की डाव्या खिशातला एक खडा उजव्या खिशात टाका. दहा खडे म्हणजे एक किलोमीटर. मोजताना चाकात हवा तेवढीच हवी आणि सायकलवर माणूसही तोच हवा, कारण वजनाने टायर दबतो आणि फेऱ्याचं अंतर बदलतं.

मैदानच सोयीचं वाटलं, तर ४०० मीटरच्या ट्रॅकवर साडेबारा फेऱ्या होतात. मात्र त्या मोजण्यात हमखास घोळ होतो.

मार्ग ठरला की कॅलेंडर काढा. सेक्टर ६ मध्ये जामा मशीद आहे, कालीबाडी आहे, एमजीएमसारखी शाळा आहे. ईदला, दुर्गापूजेला, शाळेत रविवारी परीक्षा असेल तेव्हा कुठे गर्दी होते ते शेजाऱ्यांना विचारा. अशा दिवसांसाठी दुसरा मार्ग तयार ठेवा किंवा त्या रविवारची सुट्टी आधीच जाहीर करा. शेजाऱ्यांना विचारण्याचा दुसरा फायदा असा की बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, छत्तीसगढी घरांतही बातमी पोहोचते. धाव एका समाजाची झाली की दहा-बारा डोक्यांवरच अडते. म्हणून सूचना हिंदीत द्या.

पाच-पंधरा माणसं कडेने चालली-पळाली तर कुणाची हरकत नसते. संख्या वाढू लागली की कारखान्याच्या नगर सेवा विभागाला आणि वाहतूक पोलिसांना लेखी कळवा. मैदान वापरायचं असेल तर पहिल्या दिवसापासून परवानगी घ्या. अर्जात वार, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या आणि ‘मंडप नाही, ध्वनिक्षेपक नाही’ एवढं लिहिलं तरी काम सोपं होतं.

रेषेवरची आणि वळणांवरची सहा कामं

सूचना देणारा, घड्याळ धरणारा, टोकन देणारा, वहीत नोंद घेणारा, वळणांवर उभे राहणारे आणि शेवटी चालणारा. एवढ्यावर धाव उभी राहते. यातलं नाजूक काम घड्याळ, टोकन आणि वही सांभाळणाऱ्या तिघांचं, म्हणून ते नीट समजून घ्या.

घड्याळ म्हणून मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. रेषेवरून माणूस गेला की ‘लॅप’चं बटण दाबायचं. कोण गेलं ते पाहायचं नाही, फक्त दाबायचं. फोनवर आपोआप यादी बनते: १, २, ३ आणि प्रत्येकापुढे वेळ. रेषेनंतर दोरी बांधून माणूसभर रुंदीची वाट ठेवा. तिच्या टोकाला टोकनवाला उभा राहतो आणि आले त्या क्रमाने टोकन देतो. पुढे वहीवाला टोकन घेऊन त्या क्रमांकापुढे नाव लिहितो. चौदा क्रमांकाच्या टोकनवर जोशीकाकूंचं नाव आणि यादीत चौदावी वेळ ४१ मिनिटं, म्हणजे काकूंची वेळ ४१ मिनिटं. संगणकाची गरजच नाही.

घोटाळा होतो तो एकाच ठिकाणी. दोरीच्या वाटेत कुणी टोकन न घेता बाजूने सटकलं, की त्याच्या मागच्या सगळ्यांच्या वेळा एका घराने सरकतात. त्यावर उपाय असा की दर दहाव्या माणसाला घड्याळवाल्याने मोठ्याने आकडा सांगायचा आणि टोकनवाल्याने तो आपल्या हातातल्या टोकनशी ताडून पाहायचा. चूक झालीच, तर ती दहाच्या आत सापडते.

टोकन म्हणून बुशी पार्कातले वॉशर आपल्यालाही चालतील. लोखंडाच्या गावात ते मिळवणं आणि त्यावर नंबर पंचने आकडे ठोकून घेणं ही अवघड गोष्ट नाही. एखादा निवृत्त फिटर आनंदाने करून देईल. ते क्रमाने तारेत ओवून ठेवा, म्हणजे देताना उलटसुलट होत नाहीत. वॉशर, वही, शिट्टी, खडू आणि दोरी, खर्च काय तो एवढाच. म्हणून वर्गणी लावू नका आणि प्रायोजकही शोधू नका. पैसा आला की हिशेब येतो, मग पदाधिकारी येतात आणि धाव मागे पडते.

पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

सवय नसेल तर पहिले दोन-तीन रविवार नुसते चाला. मग आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती देऊन, असा सराव करा: पाच मिनिटं भरभर चालणं, त्यानंतर एक मिनिट हलकं पळणं आणि दीड मिनिट चालणं, हे आळीपाळीने वीस मिनिटं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा नऊ आठवड्यांचा गाजलेला कार्यक्रम याच मापाने सुरू होतो. दर आठवड्याला पळण्याचे तुकडे थोडे लांबवत जायचे. वेग बरोबर आहे का हे ओळखायची खूण सोपी आहे: पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटू लागले की चाला.

चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांनी आणि रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेत असाल तर उपाशीपोटी पळू नका, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, यांपैकी काहीही वाटलं तर ‘एवढी फेरी संपवतो’ म्हणू नका. तिथेच बसा आणि शेजारच्याला सांगा. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ हवा. मोठं रुग्णालय सेक्टर ९ मध्ये आहे, तिथे पोहोचायचा रस्ता कोणता आणि गाडी कुणाची, हेही आधीच ठरलेलं असावं.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. पहाटेही हवा तापलेलीच असते. त्या दिवसांत वेळेचा विचार सोडून चाला, दोनच फेऱ्या करा, निघण्यापूर्वी पेलाभर पाणी प्या आणि बाटली स्वतःची आणा. मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे ही उष्णतेची पहिली लक्षणं. सावलीत बसवून अंगावर पाणी मारा आणि ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी घोटघोट द्या. माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला तर तोंडात पाणी घालू नका. अंग गार करत थेट रुग्णालय गाठा.

कपड्यांचा बाऊ करू नका. बारामतीच्या लता करे नऊवारी नेसून अनवाणी शर्यत धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर २०२० साली आलेल्या मराठी चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. सलवार-कमीज, साडी, ट्रॅकपँट, काहीही चालेल. पायात मात्र मापाचे बूट हवेत, टाचेला घासणारे नकोत. मोजे आणि बूट नवे असतील तर आधी दोन दिवस घरात घालून फिरा.

रस्त्यावरची कुत्री पळणाऱ्याच्याच मागे लागतात. कुत्रं अंगावर आलं तर थांबा, नजर वळवा आणि हळूहळू चालत पुढे जा. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

रविवारची सकाळ

सुटण्याच्या अर्धा तास आधी स्वयंसेवक मार्गावरून एक फेरी मारतात. रात्री पडलेली फांदी, उघडं गटार, पावसाळ्यात साचलेलं पाणी बघतात. पाच मिनिटं आधी सूचना: मार्ग, कड कोणती, नव्यांचं स्वागत, आजच्या स्वयंसेवकांची नावं. मग ठरल्या मिनिटाला शिट्टी. पाहुणा येतोय, साहेब येतोय म्हणून थांबायचं नाही. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांच्या हाताच्या अंतरावर राहतील. शेवटी चालणारा रेषेवर आला की घड्याळ बंद. सव्वा तासात सगळं आटोपतं, मग पोह्यांच्या गाडीवर ज्याचे त्याने पैसे द्यावेत.

निकाल त्याच दिवशी ग्रुपवर टाका, पण नाव आणि वेळ एवढंच. फोन नंबर, घराचा पत्ता नको आणि मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय नको. अभिनंदन पहिल्या तिघांचं करू नका. ज्याचा आज पहिलाच रविवार होता त्याचं करा आणि ज्याने आज पळणं सोडून घड्याळ धरलं त्याचं करा.

तिसऱ्या महिन्याची परीक्षा

असे उपक्रम बहुधा एकाच कारणाने बंद पडतात. सुरू करणारा एकटाच सगळं ओढतो, एक दिवस त्याची पाळी बदलते किंवा तो मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला जातो, आणि पुढच्या रविवारी रेषेवर कुणीच नसतं. म्हणून पहिल्याच महिन्यात वहीच्या मागच्या पानावर पुढच्या सहा रविवारांचा तक्ता आखा. दर रविवारी सहा कामं, त्यांपुढे नावं, पाळ्या पाहून लिहिलेली. प्रत्येकाने आळीपाळीने काम करायचं आणि बाकी रविवारी पळायचं. कोणतंही काम एकाच माणसाला येत असेल, तर ते त्याच आठवड्यात दुसऱ्याला शिकवा.

तिसऱ्या महिन्यात मुद्दाम एक रविवार घरी थांबा. वॉशरची तार, वही आणि शिट्टी आदल्या संध्याकाळी दुसऱ्याच्या क्वार्टरवर पोहोचवा आणि फोन करून विचारपूस करू नका. ग्रुपवर निकाल आला, तर धाव आता सेक्टरची झाली. नाही आला, तर पुढच्या रविवारी पळणं बाजूला ठेवा आणि तक्ता पुन्हा आखा.